सुमनचा आवाज

सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या तमाम रसिक मायबापहो, शांतता! मोबाईल बंद करा, रडणारी पोरं मांडवाबाहेर न्या. अत्यंत गंभीर घोषणा होत आहे हो — लग्न असो नाहीतर बैलगाडा शर्यत, माईक दिसला की धावणारा मी, ऑर्केस्ट्राचा निवेदक आणि नकलाकार, आज अशी गोष्ट सांगणार आहे जी मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यानं ही मात्र दाबून ठेवली —

बघा, पुन्हा मांडव घालून बसलो. सवय. साधं सांगतो.

आमच्या ऑर्केस्ट्रात सुमन गायची. आटपाडीकडची, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. तिची आई, आक्का, प्रत्येक कार्यक्रमाला सोबत यायची आणि स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून बसायची. मी सुमनची नक्कल करायचो. बोलता बोलता ती मधेच दम घ्यायची, इवलंसं हसायची आणि म्हणायची, "व्हय का न्हाई?" ते मी हुबेहूब काढायचो. आक्का तोंडाला पदर लावून हसायची. "आवं दादा, डोळं मिटलं तर वाटतंय, माजीच पोर बोलतीया!"

मग शेठनं सुमनला हिरॉईन करतो म्हणून नेलं. शेठ म्हणजे हॉटेलं, बंगले, आणि मोबाईलवर पैसे भरून बघायच्या 'फक्त प्रौढांसाठी'च्या मालिका. महाबळेश्वरच्या बंगल्यात पोरींकडून आधी सही घ्यायची, मग कपडे उतरवायला लावायचे. पुढं कुणी नाही म्हटलं तर — झालेलं शूटिंग गावाला दाखवू. मला हे माहीत नव्हतं? कुजबुज कानावर होती. पण शेठच्या वाढदिवसाचा माईक माझ्या हातात असायचा ना.

साताऱ्याच्या एका बातमीदार बाईंनी हे खणून काढलं. बाकीच्या पोरी भ्यायल्या, एकच बोलली. व्हिडिओत तिचा चेहरा अंधारात, आवाज यंत्रानं बदललेला — घोगरा, पुरुषी. नाव कुठंच नाही. पोलिसांकडं तिचा जबाबही झाला. आता शेठ अडकणार, असं जो तो बोलायला लागला.

त्याच आठवड्यात शेठनं कोरेगावजवळच्या फार्महाऊसवर आम्हा ऑर्केस्ट्राच्या मंडळींना दुपारच्या मटणाला बोलावलं. मोबाईल टेबलावर उभा करून तो व्हिडिओ लावला.

"कोण हाय रं ही?"

कुणालाच ओळखू येईना. आणि मला? — पहिल्याच वाक्याला. आवाज बदलला होता, पण दम तोच होता. ते इवलंसं हसूही तेच.

इथं आलं की मी स्वतःशी खोटं बोलतो. म्हणतो — चटकन निघून गेलं तोंडातून. रंगात होतो. नाही. मला कळलं होतं. ती कोण, शेठ तिचं काय करील, सगळं. पण सगळे गप्प, सगळे बुचकळ्यात — आणि उत्तर एकट्या माझ्याकडं. अशी शांतता नकलाकाराला कितीदा मिळते? मी चमचा माईकसारखा धरला. दम घेतला. इवलंसं हसलो.

"व्हय का न्हाई?"

हसून हसून माणसं खुर्चीत वाकली. टाळ्या पडल्या. एकटा शेठ हसला नाही. त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या ताटात नळी वाढली. आणि मी — मी ती चोखून खाल्ली.

आठवडा सरायच्या आत सुमनचं शूटिंग तिच्या गावात मोबाईलवरून मोबाईलवर फिरलं. तिनं जबाब मागे घेतला. गाव सोडलं. कुठं गेली, कुणालाच ठाऊक नाही.

ऑर्केस्ट्रातला जुना माणूस म्हणून बातमीदार बाईंनी मला फोन केला. रडत होत्या. "चेहरा नव्हता, आवाज नव्हता, मग त्यांनी तिला ओळखलं कसं हो?"

मी म्हणालो, "कमाल आहे, बाई." आणि आवाजात आश्चर्य अगदी नेमकं आणलं. येतं मला ते.

परवा विट्याच्या बाजारात आक्का दिसली. वाळून गेलीय. सुमनचा नंबर बंद आहे, एकदाही फोन नाही. मी चहा सांगितला. तिनं कपाला हात लावला नाही. माझंच मनगट धरलं, आणि भर बाजारात मोठ्यानं म्हणाली,

"आवं दादा, डोळं मिटून बसते मी. एकदा तिचा आवाज काढा की!"