तिसरा पेठा

आमच्याकडे ब्रॉयलरला सगळे बॉयलर म्हणतात, आणि माझे सासरे तर तो शब्द शिवी हासडल्यासारखा म्हणतात. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस. कोरेगावजवळच्या मळ्यात मी कोंबड्यांची शेड घातली, तेव्हापासून त्यांनी तिकडे पाठ केली ती केलीच. "बॉयलर म्हंजी नुसता कापूस. जत्रा झाली की शेड रिकामी कर, तितं ट्रॅक्टर लावायचाय," असा हुकूम सुटला. त्या घरात माझी म्हणावी अशी ती शेड एवढी एकच गोष्ट होती.

पिलं जरा मोठी झाली की मी तयार खाद्यात अख्खी ज्वारी मिसळते, जोडीला बारीक खडी. भरडलेलं खाद्य पोटातून आयतंच पुढं सरकतं. अख्ख्या दाण्यासाठी पेठ्याला राबावं लागतं. पेठा म्हणजे कोंबडीच्या पोटातलं जातं. राबून राबून तो चांगला जाड, टणक होतो. शेजारणी हसायच्या, "बॉयलरला ज्वारी? उद्या भाकरी थापून घाल." हसू देत.

सासऱ्यांची परीक्षाही पेठ्याचीच. घरात कोंबडं शिजलं की पेठा मानानं त्यांच्या ताटात. दाताला झुंजवलं तर गावरान. लिबलिबीत लागला तर बॉयलर, ताट सरकवलंच.

जत्रेसाठी त्यांनी मलकापूरच्या बहिणीकडून गावरान कोंबडा आणून परसात बांधला. सकाळी कोंबडा उसात पसार. दोरी कुणी सोडली ते विचारू नका, गाठी सैल असतात कधीकधी. नवऱ्याला तेवढं सांगितलं. "मी काय बघितलंच न्हाई," म्हणत तो देवळाकडे सटकला. मी शेडमधले तीन पक्षी घेतले आणि वाटण झणझणीत केलं.

दुपारी सासरे आणि त्यांचे दोन फौजी मित्र जेवायला बसले, नवराही त्यांच्या पंगतीला. सासऱ्यांनी पेठा तोंडात टाकला, बराच वेळ चावला, डोळे मिटले. "ह्येला म्हनत्यात गावरान! ताईनं लय जपून पाळला हुता." मी पदर तोंडाशी धरला. "आजून हाय का गं?" मी खुशीत दुसरा वाढला. तोही संपला. मग न मागताच तिसरा वाढला, आणि तिथंच माती खाल्ली.

चावता चावता ते थांबले. "सूनबाई, येका कोंबड्याला पेठं किती असत्यात?"

नवरा खाली मान घालून रश्श्यात भाकरी कुस्करत राहिला. मी हातातला डाव खाली ठेवला.

"एकच, मामा. आवं, ही शेडातली हायत. तुमचा कोंबडा उसात हाय."

मित्र त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. सासऱ्यांनी घास पुरता चावला, गिळला, मिशा पुसल्या.

"ट्रॅक्टर ऱ्हाईल भाईर हुबा," ते म्हणाले. "चौथा हाय का बघ."