कापसाचे डोळे

माझी मावशी जन्मभर पक्ष्यांची चित्रं काढत आली, पण पक्षी बघायला म्हणून कधी घराबाहेर पडली नाही. पहाटे उठायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. तिचे सगळे पक्षी संग्रहालयाच्या तळघरात, लाकडी खणांत उताणे पडलेले असत. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला चिठ्ठी. पूर्वी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीनं पाडायचा, अशीच रीत होती. पुढे लोक दुर्बिणी घेऊन हिंडायला लागले, त्यांना खिशात मावेल असं चित्रांचं पुस्तक हवं झालं, आणि ते काम मावशीकडे आलं.

डांबरगोळ्यांच्या वासात बसून ती पीस न् पीस रंगवायची. आता कापसाच्या डोळ्याचा रंग कळणार कसा? पक्षी पाडणाऱ्यानं तो चिठ्ठीवर लिहिलेला असे. लिहिला नसेल, तर तळघरातला रिवाज ठरलेला होता: तपकिरी द्यायचा. बहुतेक पक्ष्यांना तो खपून जाई.

एकाला खपला नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायच्या सुमाराला संपादकांनी तिला बोलावून घेतलं.

"बाई, पाणथळीतल्या त्या राखी पक्ष्याचा डोळा पांढरा असतो म्हणे. लोक फोन करकरून डोकं खातात. तेवढा बदला, नाहीतर ते पान फोटोवाल्याला द्यावं लागेल."

मावशीचा पारा चढला. घरी येऊन तिनं पिशवी आपटली. "काल दुर्बीण घेतलेली पोरं मला शिकवणार! उन्हात चमकला असेल डोळा." ते पान हातचं जाणं म्हणजे तिला नाक कापल्यासारखं होतं.

"एकदा जाऊन बघू या की," मी म्हटलं.

"आणि माझे गुडघे कोण उचलणार, तुझा बाप?" असं म्हणाली खरी, पण पहाटे माझ्याआधी तयार होऊन बसली होती.

पाणथळीच्या बांधावर तिच्यासाठी घडीची खुर्ची टाकली. बराच वेळ काहीच दिसेना. मावशी डासांना आणि मला आळीपाळीनं शिव्या घालत होती. मग समोरच्या गवतावर तो येऊन बसला. मी दुर्बीण तिच्या हातात दिली.

"पांढराच आहे गं," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं काम. पण ती दुर्बीण काही खाली ठेवेना. पक्ष्यानं अंग फुलवलं, मान आत ओढून घेतली, पायानं गाल खाजवला आणि पुन्हा ताठ होऊन शेपटी झटकायला लागला.

"हा असा गोल होतो?" तिचा आवाजच बदलला होता. "खणातला तर काठीसारखा सरळ आहे. मी सगळे तसेच काढलेत गं. सगळे."

तिच्या डोळ्यांना धार लागली. मला तिची फार माया वाटली.

दुसऱ्या दिवशी संपादकांच्या टेबलाशी बसून तिनं तो डोळा पांढरा करून दिला. हात जरासुद्धा हलला नाही. "माझी चूक होती, निस्तरली," ती म्हणाली. "आता हे पान फोटोवाल्याला द्या. उरलेलीही त्यालाच द्या."

संपादक उडालेच. "अहो बाई, या पुस्तकावर लोक पक्षी ओळखायला शिकले!"

"तेच तर म्हणते मी. मेलेल्यांची चित्रं हातात धरून बिचारे जिवंत शोधत हिंडले, आणि सापडलेही त्यांना. धन्य आहे त्यांची!"

जिन्यात तिनं माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, आता हिचा बांध फुटणार.

"उद्या पुन्हा जाऊ या," ती म्हणाली. "त्याचे पाय बघायचे राहिले."