ओव्हरसियर काकांची अमेरिकन

ओव्हरसियर काकांना किळस फार लवकर यायची. गटाराची, घामाची नव्हे; जन्मभर पाटबंधाऱ्याच्या कामांवर उन्हातान्हात काढलेला माणूस तो. त्यांना किळस यायची ती नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक वर्ष वर्ष न काढणाऱ्यांची. "येवढी महागाची गाडी घेतेत अन् पन्नीवर बसतेत," ते म्हणायचे. "पाठीचा घाम पन्नीला चिकटतो, उठताना चर्र वाजतं. थू! नवी नवरी आणून गोणीत घालून ठिवतेत का रे, बाळू?" आणि खरोखरच तोंड फिरवून थुंकायचे.

त्यांची स्वतःची गाडी अमेरिकन होती. हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराच्या वारसांनी काढून टाकलेली, फिकट हिरवी, मागे दोन पंख असलेली इम्पाला. लातुरात तिला सगळे नुसतं 'अमेरिकन' म्हणत. आमच्या गल्लीत ती वळत नसे, त्यामुळे रोज सकाळी काका मान मागे करून अख्खी गल्ली उलटी पार करायचे आणि पोरंसोरं ओट्यांवर चढून वाट द्यायची. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. पुढे ट्रक असला की काकांना समोरचं काही दिसत नसे. उजवीकडे बसणाऱ्याने खिडकीतून डोकं काढून बघायचं आणि 'हाव' किंवा 'न्हाई' म्हणायचं, असा त्या गाडीचा कायदा होता. 'हाव' ऐकलं की काका दुसरं काही न विचारता गाडी बाहेर काढत.

ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे असे. मी शेजारचा, कॉलेजात जाणारा आणि रिकामटेकडा. एकदा नांदेडला जाताना लोह्याच्या अलीकडे उसाच्या ट्रकमागे आम्ही अर्धा तास धूर खात होतो. कंटाळून मी 'हाव' म्हटलं आणि समोरून कंधारची एसटी आली. काकांनी गाडी कशी आत घेतली ते त्यांनाच ठाऊक. पुढे बाभळीखाली थांबवून त्यांनी मला पाणी दिलं. "कंटाळा आला म्हून हाव म्हणायचं न्हाई," एवढंच बोलले. परतीच्या वाटेवर मला मागे बसवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पुन्हा उजवीकडेच बसवलं.

भूकंपाच्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. आम्ही दोघांनी मागची सीट उचलून अंगणात टाकली आणि औशाच्या पुढे निघालो. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस जखमींना आणण्याच्या किती फेऱ्या झाल्या ते सांगता येणार नाही. अमेरिकनमध्ये तीन माणसं आडवी मावत, पाय दुमडले तर चार. काका कुणाचं नाव-गाव विचारत नव्हते. फक्त "खड्डा हाय बाई, दम धर," असं मागे न बघता सांगायचे. शेवटी त्यांनी ती गाडी आतून स्वतः धुतली, मला हात लावू दिला नाही. प्लास्टिकच्या पन्नीवर थुंकणाऱ्या त्या माणसाला ते धुताना काहीसुद्धा वाटलं नाही.

लातूरकरांनी बंद काचांच्या उंच, थंडगार गाड्या पहिल्यांदा जवळून पाहिल्या त्या याच दिवसांत. पडलेली गावं बघायला येणाऱ्यांच्या. लोकांचं बघणं संपलं, गाड्यांची हौस मात्र इथेच राहिली. पाच-सात वर्षांत तशा गाड्या आमच्याच लोकांच्या दारात दिसू लागल्या. आधी गुत्तेदारांच्या, म्हणजे सरकारी कामांच्या कंत्राटदारांच्या, मग क्लासवाल्यांच्या. रविवारी सकाळी बार्शी रोडवरच्या एका हॉटेलापुढे या मंडळींचा अड्डा जमे. सनरूफ, लेदर, थंडी किती मिनिटांत होते, कप ठेवायला जागा किती, याच गप्पा. वय वाढलेले बाप्ये एकमेकांच्या गाडीचं दार उघडून लावत आणि 'ठप्प' आवाज कुणाचा भारी यावर वाद घालत. मला त्यांची शिसारी यायची, तरी मी जायचो. कारण काका जायचे.

काकांचा प्रश्न ठरलेला असे. पुनर्वसनाची घरं बांधलेल्या एका गुत्तेदाराने नवी गाडी दाखवायला आणली तेव्हा काका तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आडवी माणसं किती मावतेत?" सगळे हसले. गुत्तेदार म्हणाला, "काका, ही लक्झरी गाडी हाय, ॲम्ब्युलन्स न्हाई." काका हसले नाहीत. त्यांनी त्याची घरं बघितली होती, भिंतीत नखं घालून बघितली होती. घरी परतताना मला म्हणाले, "ती गाडी न्हाई बाळू. त्या घरांतलं सिमेंट हाय. चार चाकांवर फिरायलंय."

दरम्यान मी फिजिक्स घेऊन एमएस्सी झालो आणि एका मोठ्या क्लासमध्ये शिकवू लागलो. तेव्हा लातुरात खोली तिथे क्लास होता. नांदेड, देवणी, कंधारची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायची. आमचे डायरेक्टर सर त्या अड्ड्यावरचे मानकरी. त्यांची गाडी सगळ्यांत उंच. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे ते तिच्यात बसून आम्हा शिक्षकांना सूचना देत. त्या वर्षी क्लासचा निकाल जोरदार लागला आणि चार टॉपर पोरांच्या मिरवणुकीला त्यांना अमेरिकन हवी झाली. काका कुणाला गाडी देत नाहीत हे गावाला माहीत होतं. म्हणून त्यांनी मला पाठवलं. माझी नेमणूक त्याच महिन्यात पक्की व्हायची होती.

"त्या सरड्याला माझी गाडी?" काका म्हणाले. मग मी पोरांचं सांगितलं. चौघांपैकी दोन पोरं भूकंपातल्या गावची, पत्र्याच्या शेडमध्ये शिकलेली. ते खरंच होतं, पण मी ते वापरलं.  काकांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, गाडी चालवायची मनाई होती. शेवटी किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "पोरांसाठी देतो. सरासाठी न्हाई. अन् चालवायची तूच. तिच्यापासून हलू नको."

सकाळी मी गाडी क्लासच्या आवारात नेली. डायरेक्टर सरांनी तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "पोरं आत बसली तर लोकांना दिसणार काय? टॉपर दिसला पाहिजे." मी म्हटलं, फुलं बांधू, काचा खाली करू. त्यांनी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याला हाक मारली आणि छत उतरवायला सांगितलं. "मिरवणूक झाली की परत वेल्डिंग करून देऊ. कळणार पण नाही." आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी म्हणालो, "सर, काकांना एकदा विचारून येतो." ते म्हणाले, "तुम्ही फिजिक्स शिकवा. बाकीचं माझ्यावर सोडा. आणि ऑर्डरवर सही व्हायचीय ना तुमची?" मी मूग गिळून उभा राहिलो. किल्ली माझ्या खिशात होती. ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्या उडाल्या, आतल्या जुन्या कापडाचा जळका वास आला. छत चौघांनी उचलून भिंतीला टेकवलं. 

मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. ढोल, गुलाल, सीटवर बुटांसकट उभी चार पोरं, मागे बोनेटवर हार घातलेली डायरेक्टर सरांची उंच गाडी. अमेरिकन मी चालवत होतो. काका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ओट्यावर उभे होते. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग वर बघितलं. आणि पोरांसाठी टाळ्या वाजवल्या. अगदी शेवटचा पोरगा पुढे जाईपर्यंत वाजवल्या.

दुपारी मी किल्ली द्यायला गेलो.

"छत कापताना तू तिथं होतास?"

"होतो."

"किल्ली कुणाकडं होती?"

"माझ्याकडंच."

"बरं," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या, थुंकले असते, तर मी पायावर डोकं ठेवलं असतं. डायरेक्टर सरांनी छत टेम्पोत घालून पाठवलं, सोबत वेल्डिंगवालाही पाठवला. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पुण्याचा एक शौकीन गाडी जशी आहे तशी न्यायला आला, त्यालाही नाही म्हणाले. मग डोळ्याची पट्टी निघाल्यावर दोन महिने खपून त्यांनी अमेरिकन स्वतःच्या हातांनी खोलली. नट न् नट डब्यांत भरला, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. इंजिन आयटीआयच्या पोरांना शिकायला दिलं. उरलेला पत्रा भंगारवाल्याने नेला तेव्हा ते ओट्यावर पेपर वाचत होते. त्या दोन महिन्यांत मी रोज मदतीला जायचो.

"या सर," ते म्हणायचे. "बसा. तुमचे कपडे खराब होतील, तुम्ही हात लावू नका."

लहानपणापासून ज्याच्या तोंडून 'अरे बाळू'शिवाय काही ऐकलं नव्हतं, त्या माणसाने मला पुढची सहा वर्षं सर म्हटलं. चिडून नाही, टोमणा म्हणूनही नाही. अगदी अदबीनं, उठून उभं राहून. माझी नेमणूक पक्की झाली होती. पुढे मीही गाडी घेतली, उंचच. ती दाखवायला न्यायचं धाडस मला झालं नाही.

ते गेले तेव्हा मी परीक्षेच्या कामाला नांदेडला होतो. तेरावा झाल्यावर भेटायला गेलो. त्यांचा मुलगा माझ्याहून मोठा, मला अरेतुरे करणारा. तो दारापर्यंत आला आणि जरा अवघडून म्हणाला, "बस बाळू. बाबांनी सांगून ठेवलं होतं, मी नसलो तरी सर आले तर चहा दिल्याशिवाय जाऊ देऊ नका म्हणून."

वहिनींनी बशीने झाकलेला कप आणून ठेवला. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. नको म्हणायचा मला काय अधिकार होता?