कच्च्या चित्रातली मुलगी

आमच्या ह्यांचा लग्नाच्या व्हिडिओचा धंदा. शूटिंग ते करायचे, जोडणी म्हणजे एडिटिंग मी. शिकवलं कोणी नाही हो. आधी दोन व्हीसीआर जोडून, मग घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर, चुकत चुकत हात बसला. हे गेल्यावरही कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझं काम चालूच होतं.

एक दिवस खालच्या मजल्यावरच्या बाई हार्ड डिस्क घेऊन आल्या. त्यांची मुलगी आयटीत होती. कॉलेजातल्या मित्रांनी सुट्टीच्या दिवशी जमून एक छोटी फिल्म काढायला घेतली होती, त्यात ती काम करायची. फिल्म अर्ध्यात असतानाच हायवेवर तिची स्कूटर ट्रकखाली आली. मित्रांना पुढं काही करवेना. वर्ष झाल्यावर त्यांनी सगळं चित्रीकरण डिस्कवर घालून आईच्या हवाली केलं.

बाईंना फिल्मशी घेणंदेणं नव्हतं. मुलगी हलताना-चालताना एकदा दिसावी, एवढंच. नारायण पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं डिस्क लावून बघितली आणि म्हणाला, आमच्याकडे उघडत नाही, म्हणजे तिच्यात काही नाहीच समजा. आपल्याकडे हे असंच सांगतात.

डिस्कमध्ये सगळं होतं. फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्यात एकेका शॉटचे तुकडे. भाड्यानं आणलेल्या सिनेमाच्या कॅमेऱ्याचं कच्चं चित्रीकरण ते. लग्नाच्या कॅमेऱ्यासारखं टिचकी मारली की सुरू, असं नव्हे. माझं सॉफ्टवेअर त्याला ओळखच देईना. नेटवर शोधलं, तर त्या कॅमेऱ्याचा एक जोड प्रोग्राम आधी घालावा लागतो म्हणे. तो घातला. चित्र आलं, पण चालेना. मुलीनं जिन्यावर एक पाऊल उचलायचं आणि तिथंच थिजायचं. बाई माझ्या शेजारी बसलेल्या. मी त्यांना उगाच चहा टाकायला आत पाठवलं.

चित्राचा दर्जा पाव करून चालवायची सोय सापडली, तेव्हा कुठं मुलगी सलग चालली. जिना उतरून आली, ओढणी सावरली, कॅमेऱ्याबाहेरच्या कोणाकडे तरी बघून हसली.

बाई कप हातात धरूनच उभ्या. म्हणाल्या, "ताई, ही राखेसारखी का दिसते?"

मी सांगितलं, कच्च्या चित्रात कॅमेरा रंग पक्का करत नाही, तो मागाहून आपण ठरवायचा असतो. आणि बसले रंग भरायला. आता आमच्या धंद्यात नवरीचा चेहरा उजळायचाच असतो, सांगावं लागत नाही, हात आपोआप तिकडं जातो. मुलगी चांगली गोरी, गुलाबी झाली. मला वाटलं, बाईंना बरं वाटेल.

"ही ती नाही हो," बाई म्हणाल्या.

मग स्क्रीनकडे बघतच बोलत राहिल्या. मुलगी सावळी. त्यावरून स्थळं नकार द्यायची, आणि ह्या तिच्यामागे साय-बेसनाची वाटी घेऊन फिरायच्या. मुलगी चिडायची. अपघाताच्या दिवशी सकाळीही वाटी तशीच ओट्यावर ठेवून, न बोलता बाहेर पडली होती.

"आता तरी तिला राहू द्या तशी."

पण तशी म्हणजे कशी? बाई फोटो घेऊन आल्या. ते स्थळांना पाठवायला काढलेले, स्टुडिओवाल्यानं आधीच उजळलेले. मोबाइलवरच्या फोटोंत प्रत्येक ठिकाणी वेगळीच. मुलीचा खरा रंग घरात कुठंच नव्हता.

शेवटी बाईंनी बांगड्या मागं सारल्या आणि मनगट स्क्रीनला लावलं. "माझ्यावर गेली होती. हा घ्या."

मी त्यांच्या मनगटाकडे बघत रंग उतरवत गेले. गोरेपण गेलं, गुलाबी गेलं. गालाचा रंग मनगटाशी जुळला, तेव्हा थांबले. बाई हात काढेनात. काढा असं मला म्हणवलं नाही, तसाच तुकडा चालू केला. मुलगी त्यांच्या हाताखालून जिना उतरली, ओढणी सावरली, हसली, आणि तुकडा संपला.

परत लावा, म्हणाल्या. मी लावला.