गुडघेवाल्या बाई

गुडघेवाल्या बाई, म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट, पेशंटचं नाव विचारायच्या आधी त्याच्या गुडघ्याचा वास घ्यायच्या. आमच्या बालाघाटात गुडघा मुरगळला की माणूस आधी हाड बसवणाऱ्याकडे जातो आणि हळद, चुना, अंड्याचा लेप लावून, वर बांबूच्या कामट्या बांधून येतो. चार दिवसांनी तो लेप असा घाण मारतो की शेजारचा माणूस बाक सोडून उठतो. बाई वाकून हुंगायच्या आणि तोंड वाकडं करून म्हणायच्या, "शी! कोन्या गाढवानं लावलं हे? आधी धुऊन काढू, मंग बोलू." मग स्वतःच्या हातांनी तो राडा कोमट पाण्यानं धुवायच्या.

माझी धाकटी बहीण सुषमा हिला घेऊन मी गेलो, तेव्हा लेप लावून आणणारा गाढव मीच होतो. सुषमा कबड्डीत कोपऱ्यावर खेळायची. पोलीस भरतीची तयारी चालू होती, धावण्यात तिच्या जवळपास कोणी नव्हतं. सरावात एकदा वळताना तिचा गुडघा निसटला.

बाईंनी तिला उताणं झोपवलं, गुडघा वाकवला, तिच्या पावलावर बसल्या आणि दोन्ही हातांनी नडगी स्वतःकडे ओढली. नडगी टेबलाच्या ढिल्या खणासारखी पुढे सरकली.

"पाह्यलं?" बाई म्हणाल्या. "खुब्याचं हाड खळग्यात बसलं असते, सहज निघत नाई. गुडघ्यात तसं काईच नाई. एका हाडावर दुसरं हाड ठेवलं अन् चार दोऱ्यांनी आवळलं, झालं. दोन बाजूले, दोन आतमंधी फुलीसारख्या. इची आतली समोरची तुटली."

नागपूरला ऑपरेशन, मग वर्षभर व्यायाम, मग पोरगी पुन्हा धावेल, असं त्यांनी सांगितलं. जाताना मला थांबवलं. "सूज उतरन, दुखनं थांबन, सरळ चालन बी. तुले वाटन बरी झाली. तवाच सांभाळाचं. वळली का गुडघा दगा देते."

ऑपरेशनपर्यंत मांडीत जोर यावा म्हणून बाई तिला एका पायावर उभं करायच्या आणि सांगायच्या, "माहा चाहा संपेपर्यंत पाय खाली टेकाचा नाई." मग बशीतला चहा इतका फुंकून फुंकून प्यायच्या की सुषमा हसून हसून डगमगायची. पुढच्या वेळी चहा कपभरावरून दोन कपांवर जायचा.

दिवाळीनंतर लालबर्र्याकडच्या एका गावात मंडई, म्हणजे जत्रा होती. मंडईत कबड्डीचे सामने, आणि मुलींचा संघ माझ्या हाताखाली. फायनलला एक पोरगी आलीच नाही. सात नसल्या तर संघ बाद, असा तिथला नियम. सुषमा नुसती बघायला आली होती, ऑपरेशन महिन्यावर आलेलं.

"कोपऱ्यात नुसती उभी राय," मी म्हणालो. "कोनाले हात नको लावू."

"बाई नाई म्हनल्या न भाऊ."

"बाई काय इथं पाहून राह्यल्या?"

हे वाक्य मी बोललो. आजही आठवलं की माझ्याच जिभेची मला किळस येते.

चढाई करणारी नेमकी तिच्याच कोपऱ्यात आली. सहा वर्षं खेळलेली पोरगी नुसती उभी कशी राहणार? तिनं पाय रोवला आणि घोटा पकडायला वळली. गुडघ्यातला कट्कन आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. गडी बाद झाला म्हणून लोक टाळ्या पिटत होते, आणि पहिली टाळी माझी होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गुडघा तपासला. तो सरळच होईना. "आतली गादी बी फाटली," एवढंच त्या बोलल्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी सुषमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "तू बाहेर बस." दार त्यांनी आतून लावून घेतलं.

ऑपरेशन झालं. सुषमा चालते. धावणं सुटलं, भरतीचं नाव घरात कोणी काढत नाही. ती मला एका शब्दानं बोलली नाही, आणि तिच्या त्या गप्प राहण्याचा मी बेशरमासारखा फायदा घेत राहिलो.

गेल्या वर्षी बाई लेकीकडे नागपूरला कायमच्या निघाल्या. मी पेढे घेऊन गेलो. "जाऊ दे रे" असं काहीतरी त्यांच्या तोंडून ऐकायला मिळावं, एवढीच माझी स्वार्थी आशा. त्यांनी पेढे बाजूला ठेवले.

"सुषमा जिना कशी उतरते?"

"उतरते न बाई. बराबर उतरते."

"तू पाह्यलं?"

मी पेढ्यांचा खोका पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

"घरी जा. आपल्या डोळ्यानं पाय."

घरी येऊन मी जिन्याखाली उभा राहिलो. सुषमा गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली. आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, तळवा भिंतीला घासत. वरपासून खालपर्यंत, तिच्या हाताच्या उंचीवर, भिंतीवर एक काळपट पट्टा पुन्हा उमटला होता. त्याआधीच्या दिवाळीत घर रंगवताना रंगाऱ्याला मीच तो पट्टा दाखवला होता आणि सुषमासमोर म्हणालो होतो, "एवढी भिंत कोन खराब करते, काई समजत नाई."