हे नाक सुमनमावशीचं

अन्याय सुमन कांदळगावकर या बाईवर झाला. गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या जेवणाच्या जरा आधी. ठिकाण: मालाडच्या पश्चिमेला, खाडीकडचा रस्ता जिथे संपतो तिथला समुद्रकाठचा एक महागडा व्हिला. आयुर्वेदिक उपचार, एकांत, स्वतःचा किनारा. व्हिलाचं नाव लिहीत नाही. आमच्या घरकामगार संघटनेचे वकील म्हणाले, लिहू नकोस. मी म्हटलं, का, खरं आहे ना? ते म्हणाले, म्हणूनच.

तिला कामावरून काढण्याचं कारण एकच. ती बोलली.

ज्यांनी सुमनमावशीला पाहिलेलं नाही त्यांना यातली गंमत कळणार नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते. मावशी आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायची. मूळची मालवणकडची. धंदा बाळंतिणीला आणि बाळाला मालिश करण्याचा. मालाडपासून बोरिवलीपर्यंत तिने किती घरांत पाय पसरून पायांवर पोरं घेतली असतील याचा हिशेब तिच्याकडेही नव्हता. अंगाला कायम तिळाच्या तेलाचा आणि ओव्याचा वास. आणि ज्यांनी बाळाची मालिश बघितली आहे त्यांना माहीत असेल, बाई नुसतं अंग चोळत नाही. ती डोकं गोल करते, कपाळ सपाट करते आणि तेलाच्या बोटांनी रोज थोडं थोडं नाक वर काढते. डॉक्टर म्हणतात, त्याने काही होत नाही. मावशी म्हणायची, डॉक्टरचं नाक बघितलंस ना, मग झालं.

त्यामुळे तिच्याबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा होती. भाजीवाल्याकडे भेंडी निवडता निवडता ती थांबायची, पलीकडच्या सहा फुटी पोराकडे रोखून बघायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "तां नाक माझां." पोरगा लाजून लाल. कधी खरंच तिचं असायचं, कधी नसायचंही. नसलं तरी तिची हार नाही. "माझां नाय काय? मग माझां बघून कोणी केलां असतलां." एकदा मी एका घरकाम करणाऱ्या ताईची तक्रार घेऊन पोलीस चौकीत गेले, तेव्हा मावशी हौसेने सोबत आली. साहेब आमच्याकडे बघेनात. मावशी मात्र साहेबांकडे बराच वेळ बघत राहिली, मग मला म्हणाली, "ह्यां माझां नाय. ज्येणा केलां, त्येका आधी आत टाका." तक्रार लगेच घेतली गेली. बहुधा आम्हाला बाहेर काढण्यासाठी.

माझं नाक जरा डावीकडे कललेलं आहे. माझ्या आईचं बाळंतपण मावशीनेच केलं, म्हणजे जबाबदारी तिची. पण तिने ती कधी घेतली नाही. "तू पयल्या दिवसापासून भाषण करी होतंस. हात थिर ऱ्हवांक नको?" माझ्या कामाबद्दल तिचं मत एवढंच होतं.

आता व्हिला. मोजक्या खोल्या, प्रत्येकीला स्वतःचा छोटा तलाव आणि समोर समुद्र. समुद्राला कुंपण घालता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना सुरूची झाडं लावलीयत. समुद्र तोच, आमचाच. भरतीला आमच्या बाजूच्या तुटक्या चपला त्यांच्या बाजूला जातात, आणि पाहुणे उठायच्या आत त्या वेचायला त्यांनी एक माणूस ठेवलाय. पाहुणे आले की त्यांचे फोन रेशमी पिशवीत घालून काउंटरवर जमा. मोठ्याने बोलायचं नाही. इतक्या लांब रोज ये-जा करायला कंटाळून त्यांच्या मालिश करणाऱ्या शिकलेल्या मुली सोडून गेल्या होत्या. तिथे कपडे धुणाऱ्या आमच्या चाळीतल्या एका बाईने मावशीचं नाव सांगितलं.

मॅनेजरने हात बघितले, खूश झाला. मग मावशीने तोंड उघडलं. त्याला हवी होती डोंगरातली कुणीतरी ज्ञानी म्हातारी. ही विचारत होती, तुमच्याकडे चाय कितीदा मिळता. त्याने डोकं लावून तोड काढली. मावशीला जरीकाठी पांढरी साडी दिली, कपाळाला चंदन लावलं, फोटो काढून दारात मोठा करून लावला. खाली नाव: अम्मा. केरळच्या वैद्य घराण्यातल्या, कित्येक वर्षं मौनात. पाहुण्यांशी बोलायचं नाही, हात जोडायचे आणि पापण्या मिटायच्या.

मी संतापले. तुझं नाव काढून घेतलं, गाव काढून घेतलं, वर जीभ काढून घेतली, तुला कळतंय का? तिला कळत होतं. तिला मजाही वाटत होती. "साडी चांगली हा गो. आणि एसी." दुपारी ती सुरूच्या झाडांमागे जाऊन साठलेलं सगळं कावळ्यांशी बोलून यायची आणि तरीही संध्याकाळी घरी आली की अर्धी चाळ तिच्या उंबऱ्यावर. दिवसभराचं मौन ती आमच्यावर फोडायची.

तिला मालिशची एकच रीत माहीत होती, बाळंतिणीची. तिने तीच सगळ्यांना लावली. एक पोट सुटलेले कारखानदार पाठदुखी घेऊन आले होते. मावशीने त्यांना तेल चोळलं, कढत पाण्याने न्हाऊ घातलं, कानांत कापूस कोंबला, डोक्याला रुमाल करकचून बांधला. बागेतल्या माळ्याची बाज खुणेने मागवून तिच्यावर झोपवलं आणि खाली शेगडी ठेवून ओवा, वावडिंग आणि लसणीच्या सालांची धुरी दिली. वर घरून नेलेला मेथीचा लाडू. खिडकीशी गेले तर डोळे वटारून वाऱ्यातून आत आणलं. गृहस्थ तिन्हीसांजेपर्यंत घोरले. उठल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणाले, आई गेल्यापासून असं कुणी झोपवलं नाही. मावशीचा त्या दिवशीचा अहवाल असा: "मेलो बाळंत झालो, पोर तेवढां खय दिसाक नाय."

आम्ही हसून लोळलो. थोड्याच दिवसांत तीच धुरी व्हिलाच्या उपचारांत सगळ्यात महाग विधी म्हणून आली. नाव ठेवलं होतं पुनर्जन्म. कोकणातल्या बायकांनी शेगडीपुढे डोळे चोळत सांभाळलेली गोष्ट, आणि श्रेय कुणाला, तर नसलेल्या घराण्यातल्या नसलेल्या अम्माला.

आणि मग तो रविवार. पल्लवी नावाची एक बाई झोप येत नाही म्हणून आली होती. कपाळावर तेलाची धार झाली, डोळ्यांवर पट्टी होती, गळ्यापर्यंत पांढरी चादर. बाईचं बाहेर राहिलं काय? नाक. मावशी सांगायची की तिने स्वतःला खूप आवरलं. टेबलाला एक फेरी मारली. पापण्या मिटून बघितल्या. मग वाकून पल्लवीच्या कानात म्हणाली,

"बोरिवलीची काय गो तू?"

पट्टी फेकून बाई उठून बसली. मौनव्रती अम्मा मालवणीत बोलली होती, शिवाय बरोबर बोलली होती. पल्लवी तशीच तेलाने निथळत, चादर गुंडाळून काउंटरवर गेली, रेशमी पिशवीतून आपला फोन ओढून काढला आणि आईला स्पीकरवर लावला. मावशी मागोमाग, आपलं नाव ओरडत. पलीकडून आईचा आवाज अख्ख्या दिवाणखान्यात घुमला: "सुमन? आमची सुमन? मेले, अजून तेवढीच बोलतेस?"

एवढं झाल्यावर कोण थांबतंय. दोघी बोलल्या. पल्लवी तीन दिवसांची असताना कशी शिंकायची, सासूने लाडवांत तूप कमी कसं घातलं, सगळं निघालं. आवाज ऐकून पांढऱ्या झग्यांतले पाहुणे आपापल्या एकांतातून बाहेर आले. ते कारखानदारही दुसऱ्या खेपेला आले होते. त्यांनी विचारलं, माझं नाक कसं आहे? मग रांगच लागली. एवढ्यात मॅनेजर धावत आला. मावशीने त्याचंही नाक पाहिलं, हनुवटी धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि निकाल दिला, "ह्येका कोणी हातच लावूक नाय."

सगळे हसले, तो सोडून.

मौन मोडलं म्हणून तिला त्याच दुपारी काढलं. साडी उतरवून घेतली, मोजून, घडी घालून. फोटो मात्र ठेवला.

मी रात्रभर बसून पत्रक लिहिलं. शोषित, वंचित, आवाज हिरावलेली श्रमिक स्त्री. सकाळी मावशीला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही बाई कोण? मेली काय?" मग तिने स्वतः मजकूर सांगितला: मालाड ते बोरिवलीची बहुतेक नाकं हिने केली आहेत. मी म्हटलं, बहुतेक कसं लिहू, अतिशयोक्ती होईल. ती म्हणाली, तू लिहितेस त्यात काय होतं मग?

खरं भांडण मागणीवरून झालं. माझी मागणी: फोटो ताबडतोब काढा. तिला ते साफ नामंजूर. फोटो तिला आवडला होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिचा एवढा मोठा फोटो लावला होता, एरवी बारशाच्या सगळ्या फोटोंत तिचे नुसते हात यायचे, कधी तेही कापलेले. "बरी दिसतंय मी. ऱ्हवांदे. खाली नाव घालूक सांग. माझां. आडनावासकट."

एवढंच तिला हवं होतं. नोकरीसुद्धा नको. आम्ही पत्रकं घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहिलो. काळ्या काचांच्या गाड्या आल्या की मी पत्रक पुढे करायची आणि मावशी काचेला कपाळ टेकवून आतली नाकं बघायची. मॅनेजर एकदाच बाहेर आला. त्याचं म्हणणं, कांदळगावकर हे नाव वातावरणाला जुळत नाही, आणि फोटोखालच्या पट्टीत मावतही नाही. मावशी म्हणाली, पट्टी मोठी कर. पल्लवीने व्हिलाला रागाचं लांबलचक पत्र लिहिलं. उत्तरात तिला पुढच्या मुक्कामावर सवलत मिळाली.

होळीच्या आधी मावशीला ताप आला, तो छातीत उतरला. दवाखान्यात तिच्या तोंडाला नळी लावून बोलू नको म्हणाले. तिने माझ्याकडे बघून पापण्या मिटल्या, अम्मासारख्या, हात जोडले, आणि एक डोळा बारीक केला. ते आमचं शेवटचं बोलणं.

स्मशानात एवढी माणसं येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. भाजी बाजारातला तो सहा फुटी पोरगा होता. पल्लवी आईला धरून आली होती. रिक्षावाले, बँकवाले, एक नवरदेव अंगाला हळद तशीच. सगळे मान खाली घालून ओळीत उभे होते, आणि मी, देवाशपथ, कुणाचेच चेहरे बघत नव्हते. नुसती नाकं बघत होते. सरळ, तरतरीत, रडून लाल झालेली. बहुतेक, हा शब्द पत्रकात बरोबर होता. माझं तेवढं एक वाकडं होतं, आणि तेही तिचंच.

फोटो अजून व्हिलाच्या दारात आहे. खाली अजून अम्मा आहे. तीच साडी नेसून आता विक्रोळीची दुसरी बाई आत पापण्या मिटते. मावशीने जायच्या आधी तिला मागच्या फाटकाशी गाठून धुरी शिकवली होती. कानात कापूस आधी, मग रुमाल. आणि सगळ्यात आधी तिचं नाव विचारलं होतं.

तेव्हा तुम्ही, हे वाचणारे, आता दोन गोष्टी करा. तुमच्यापैकी ज्यांना परवडतं ते त्या व्हिलात कधीतरी जाणारच, मला माहीत आहे. जा. दारातल्या फोटोपुढे थांबून विचारा, ही बाई कोण? अम्मा म्हणाले तर परत विचारा. पट्टी मोठी होईपर्यंत विचारत राहा.

ज्यांना परवडत नाही त्यांनी आरशात बघा आणि आईला फोन लावा. तुमचं नाक कुणी केलं, विचारा. "होती एक बाई" हे उत्तर घेऊ नका. नाव मागा. आडनावासकट.