फिनेलमावशीचं पिंप

आमच्या इमारतीत त्यांना सगळे फिनेलमावशी म्हणतात. तोंडावर नाही हं, तोंडावर नुसतं मावशी. बत्तीस वर्षं इस्पितळाचे वॉर्ड पुसून बाई निवृत्त झाल्या, पण फिनेल काही निवृत्त झालं नाही. त्यांच्याकडे बसायच्या आधी खुर्ची पुसली जाते आणि उठल्यावरही. मी बसलेलो असतानाही एकदा फडकं फिरल्याचा मला दाट संशय आहे.

अशा बाईनं मागच्या अंगणात सडका भाजीपाला साठवायला घेतला, तेव्हा आम्हा रिकामटेकड्यांना महिनाभर विषय पुरला.

कल्पना त्यांची स्वतःची. इस्पितळाच्या स्वयंपाकघरामागे गोबरगॅसचा एक अवाढव्य हौद होता, कायम बंद पडलेला. "एवढा मोठा कशाला? घरापुरता करू," म्हणाल्या. मग एक मोठं पिंप आणि त्यात उपडं घातलेलं जरा लहान पिंप. खालच्यात शेणकाला आणि घरोघरून गोळा करून वाटलेली भाजी-फळांची सालं. गॅस साठला की वरचं पिंप आपसूक उचललं जाणार, आणि वरची नळी थेट शेगडीला. औषधाच्या बाटलीवर असतात तशा रेघाही त्यांनी वरच्या पिंपावर बोटाबोटाच्या अंतरानं मारल्या.

रेघा काल्यात बुडालेल्याच राहिल्या. पिंप तसूभर हलेना.

आमचे सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर. नुसती पाण्याची वेळ सांगायची तरी निकाल लावल्यासारखी सांगतात. त्यांनी फर्मान काढलं, "महिनाअखेरच्या रविवारी, अकरा वाजता. ज्योत दिसली तर पिंप राहील, नाहीतर भंगारात!"

"वहिनी, द्या सोडून," मावशींची धाकटी जाऊ म्हणाली. "लोक हसतात."

"हसू देत. जन्मभर दुसऱ्यांची घाण पुसली गं. स्वतःच्या डोक्यानं बनवलेलं हे पहिलंच."

सोळा दिवस उरले होते. मावशी ताज्या शेणासाठी पुन्हा गोठेवाल्याकडे गेल्या. त्यानं बादली हातात घेतली, हुंगली आणि तोंड फिरवलं.

"मावशी, ही बादली कशानं धुता?"

"फिनेलनं. रोज. नरसाळंही."

"आणि ते धुतलेलं पाणी?"

"पिंपातच जातं की. वाया का घालवायचं?"

गोठेवाला मटकन खाली बसला. "अहो, गॅस करतात ते जंतूच! तुम्ही रोज त्यांना जेवायला वाढता आणि वर विष पाजता!"

मावशी घरी परतल्या. ज्या जिवांचा बत्तीस वर्षं नायनाट केला, तेच आता पोसायचे होते! पिंप रिकामं केलं, साध्या पाण्यानं खळखळून धुतलं, नवा काला भरला. जावेनं फिनेलची बाटली कपाटात बंद करून किल्ली कमरेला खोचली.

पुढचे दिवस बघण्यासारखे होते. बरबटलेल्या बादलीसमोर मावशी हात पाठीमागे बांधून उभ्या. पाठीमागे बोटं वळवळतायत!

"एकदाच पुसू का?"

"वहिनी!"

नवव्या दिवशी पिंप एक रेघ वर आलं. पहिला गॅस पेटत नाही, म्हणून तो सोडून दिला. तेराव्या दिवशी तीन रेघा. मावशींनी तोंडातून ब्र काढला नाही. मला ठाऊक होतं, कारण मी रोज गॅलरीतून रेघा मोजत होतो. पण मीही कोणाला बोललो नाही. आयुष्यात पोटात ठेवलेली ही माझी एकमेव बातमी.

रविवारी अंगण भरलं. सेक्रेटरींनी भंगारवाला सोबतच आणला होता. मावशींनी काडी ओढली, वाऱ्यानं विझली. सेक्रेटरी खाकरले. दुसरी काडी, कॉक फिरवला, आणि भप्! निळीशार ज्योत, शेगडीभर गोल.

पोरंटोरं ओरडली, जाऊ रडायला लागली आणि मावशींनी शांतपणे चहाचं आधण ठेवलं. पहिला कप सेक्रेटरींना. त्यांनी आधी कप नाकाशी नेऊन हुंगला.

"प्या की," मावशी म्हणाल्या. "सालं तुमच्याच घरची आहेत."

भंगारवाला निघाला, तशी मावशींनी हाक मारली, "थांब रे! पिंप न्यायला आलास ना? आणखी चार घेऊन ये. शेजारच्या इमारतीनंही आत्ताच मागितलंय."

आता रोज सकाळी सेक्रेटरी स्वतः सालांची बादली घेऊन रांगेत उभे राहतात. मावशी बादलीत डोकावतात आणि सगळ्यांदेखत लिंबाची सालं वेचून त्यांच्या हातावर ठेवतात.

"किती वेळा सांगायचं, मास्तर? हे माझ्या जंतूंना सोसत नाही."